वेटेड व्हेस्ट घालून व्यायाम: फायदा कुठे होतो, कुठे होत नाही

वेटेड व्हेस्ट म्हणजे छातीला आणि पाठीला आवळून बसणारं बिनबाह्यांचं जाकीट. त्याच्या कप्प्यांत लोखंडी वाळू, पोलादी छर्रे किंवा लोखंडी पट्ट्या भरलेल्या असतात. ते अंगावर चढवलं की तुमचं वजन दोन, पाच किंवा दहा किलोंनी वाढतं आणि हात मात्र मोकळे राहतात. त्याची करामत इथेच संपते. बाकी सगळं तुम्ही ते घालून काय करता यावर अवलंबून आहे. घालून खुर्चीत बसलात तर फक्त खांदे दुखतील, चढ चढलात तर दम लागेल, उड्या मारल्यात तर हाडांना धक्का बसेल. व्हेस्टबद्दल होणारे बहुतेक दावे हा फरक गिळून टाकतात आणि सगळे फायदे एकाच वेळी पदरात पडतील असं भासवतात. तेव्हा एकेक दावा सुटा करून बघू.

आधी कॅलरींचा हिशेब

व्हेस्ट विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात एकच गोष्ट असते: तेवढ्याच चालण्यात जास्त चरबी जळेल. जळते, पण किती?

ओझं घेऊन चालताना शरीर किती ऊर्जा खर्च करतं याचा अंदाज बांधणारं एक समीकरण १९७७ साली अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या पँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. माणसाचं वजन, ओझ्याचं वजन, वेग, चढ आणि जमिनीचा प्रकार एवढ्या गोष्टी त्यात घालायच्या असतात. ७० किलो वजनाचा माणूस सपाट, पक्क्या रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगानं अर्धा तास चालला, तर या समीकरणानुसार सुमारे १३२ कॅलरी खर्च होतात. त्याच माणसानं ७ किलोंचं व्हेस्ट, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १० टक्के, घातलं तर हा आकडा १४२ च्या आसपास जातो. फरक फक्त १० कॅलरींचा. १४ किलोंचं व्हेस्ट घातलं तरी १५३.

आता व्हेस्ट काढून ठेवा आणि वेग ताशी ६ किलोमीटर करा: सुमारे १७१. वेग ५ च ठेवून ५ टक्के चढ घ्या, म्हणजे १०० मीटर चालल्यावर ५ मीटर उंची: सुमारे २०५. कमी वेळात जास्त कॅलरी खर्च करणं एवढाच हेतू असेल, तर पाय उचलून भरभर चालणं आणि चढाचा रस्ता धरणं हे दोन फुकटचे उपाय व्हेस्टच्या कितीतरी पुढे आहेत.

चढावर व्हेस्टचा वाटाही वाढतो. त्याच ५ टक्के चढावर ७ किलो अंगावर असतील तर आकडा २२२ होतो. सपाटीवर मिळणाऱ्या १० कॅलरी इथे १७ झाल्या. कारण सरळ आहे. सपाटीवर ओझं पुढे न्यायचं असतं, चढावर ते प्रत्येक पावलाला वर उचलावं लागतं. म्हणून जिना, टेकडी किंवा तिरपी केलेली ट्रेडमिल या ठिकाणी व्हेस्टचा मोबदला जास्त मिळतो. हे सगळे अंदाज आहेत, प्रत्येकाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण बदलत नाही.

वजन घटवण्याच्या बाबतीत एक वेगळीच शक्यताही तपासली गेली आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांची अशी कल्पना होती की हाडांतल्या पेशी शरीराचं वजन 'मोजतात' आणि वजन जास्त वाटलं की भूक आवरायचा निरोप देतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लठ्ठ गटातल्या ६९ जणांनी तीन आठवडे, रोज ८ तास व्हेस्ट घातलं. काहींचं व्हेस्ट शरीराच्या वजनाच्या ११ टक्के होतं, काहींचं नावापुरतं १ टक्का. जड व्हेस्टवाल्यांचं वजन सरासरी १.६ किलोंनी घटलं, हलक्यावाल्यांचं ०.३ किलोंनी. कुतूहल वाटावं असाच निकाल आहे. पण तीन आठवडे हा काळ फारच छोटा, त्यामुळे एवढ्यावर वर्षभराचा बेत आखू नये.

दम आणि हृदय

व्हेस्टचा एक फायदा मात्र नीट ऐकून घेण्यासारखा आहे. ज्यांना पळायचं नाही, किंवा गुडघ्याला पळण्याचे धक्के सोसत नाहीत, आणि ज्यांना साध्या चालण्यानं आता धापही लागत नाही, अशांना मधला टप्पा सापडत नाही. वेग वाढवायला एक मर्यादा असते. ताशी सातच्या आसपास बहुतेकांचे पाय आपसूक पळायला लागतात. अशा वेळी चालण्याचाच वेग ठेवून ५ ते १० टक्के वजन वाढवलं की हृदयाचे ठोके थोडे वर जातात आणि तरीही एक पाय कायम जमिनीवर राहतो. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं जमिनीवर आदळतात. चालताना हा जोर वजनाच्या सव्वापटीपलीकडे सहसा जात नाही.

जोर बरोबर आहे की नाही हे ओळखायला घड्याळाची गरज नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वजन किंवा वेग जास्त आहे. आधी वेग कमी करा. तरी जमलं नाही तर वजन काढा.

हाडं: इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे

हाड हे खांबासारखं एकदा उभं करून सोडून दिलेलं नसतं. त्याची आयुष्यभर मोडतोड आणि बांधणी चालू असते. जर्मन शल्यविशारद यूलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलतं. आज माहीत आहे की हाडाच्या आत रुतून बसलेल्या पेशींना हाडाचं सूक्ष्म वाकणं जाणवतं आणि त्याच पुढे नवी बांधणी करायचा इशारा देतात. पण या पेशी एकसारख्या, संथ भाराला फारसा प्रतिसाद देत नाहीत. भार झटक्यात यावा, नेहमीपेक्षा वेगळा असावा आणि मध्ये विश्रांती मिळावी, तेव्हा त्या जाग्या होतात. दिवसभर अंगावर पाच किलो वागवणं आणि दहा वेळा नीट उडी मारणं या दोन गोष्टी हाडाच्या दृष्टीनं एक नाहीत.

हे लक्षात ठेवून दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टीन स्नो यांच्या गटानं रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचा पाच वर्षांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्या बायका आठवड्यातून तीनदा, वर्षातले सुमारे ३२ आठवडे व्हेस्ट घालून पायांचे व्यायाम आणि उड्या असा कार्यक्रम करत होत्या. त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकून राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची घटली. निकाल आशादायक आहे, पण अभ्यासात एकूण १८ जणीच होत्या हे विसरू नका.

दुसरा अभ्यास २०२५ साली आला. त्यात लठ्ठपणा असलेले १५० वयस्क लोक होते आणि सगळे वर्षभर आहार कमी करून वजन उतरवत होते. वजन उतरताना हाडंही झिजतात, हे आधीपासून माहीत आहे. एका गटानं रोज सरासरी सात तास व्हेस्ट घातलं, दुसऱ्यानं ताकदीचे व्यायाम केले, तिसऱ्यानं नुसता आहार सांभाळला. वर्षाअखेर तिन्ही गटांत खुब्याच्या हाडाची घनता जवळपास सारखीच घटली होती. नुसतं व्हेस्ट घालून वावरण्यानं हाडांचं नुकसान थांबलं नाही, ताकदीच्या व्यायामानंही नाही.

म्हणजे 'व्हेस्ट घाला, हाडं मजबूत करा' हे वाक्य अर्धवट आहे. हाडांसाठी काही करायचं असेल तर व्हेस्टसोबत टाचा उचलून खाली आपटणं, पायरीवर चढणं-उतरणं, आणि सांधे व डॉक्टर परवानगी देत असतील तर छोट्या उड्या, असं काहीतरी धक्का देणारं हवं. टाचांचा व्यायाम सगळ्यात सोपा. भिंतीला हात लावून चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा सैल सोडून जमिनीवर 'धप्प' असा आवाज येईल इतक्या खाली टाकायच्या. दहा वेळा करा, थांबा, पुन्हा दहा वेळा. आधी दोन-तीन आठवडे व्हेस्टशिवाय. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. व्हेस्टचा भार पाठीचा कणा, खुबा आणि पाय यांवर येतो, मनगटावर येत नाही. वयपरत्वे तुटणाऱ्या हाडांत मनगट वरच्या क्रमांकावर आहे. त्याच्यासाठी हातावर भार घेणारे व्यायाम वेगळे करावे लागतात.

ताकद वाढवायला व्हेस्ट कधी उपयोगी

स्नायूला वाढायला सतत थोडं जास्त काम लागतं. घरी, साधनांशिवाय व्यायाम करणाऱ्याची अडचण हीच असते की काही महिन्यांत तो २५-३० दंड सहज काढायला लागतो. मग संख्या वाढवत नेली तर दमसास सुधारतो, पण ताकद मागे राहते. इथे व्हेस्ट चपखल बसतं.

दंड काढताना, म्हणजे साध्या पुशअपमध्ये, शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग हातांवर येतो. बाकीचा पायांच्या चवड्यांवर. व्हेस्टचं वजन छातीपाशी, म्हणजे हातांच्या अगदी जवळ असल्यानं त्याचा आणखी मोठा वाटा हातांवर पडतो. त्यामुळे पाच-सहा किलोंनीही फरक चांगलाच जाणवतो. व्हेस्ट घालून नीट ८ ते १२ दंड निघतील एवढं वजन ठेवा. १२ सलग, कंबर न लोंबकळवता निघायला लागले की अर्धा-एक किलो वाढवा. पाठीचा मधला भाग खाली झुकू लागला तर संख्या तिथेच थांबवायची. व्हेस्ट पोटाकडे ओढत असल्यानं ही चूक इथे नेहमीपेक्षा लवकर होते.

पुलअपमध्ये, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढताना, तर सगळंच वजन हातांवर, त्यामुळे तीन किलोही पुरेसे होतात. ज्याला व्हेस्टशिवाय सलग ८ पुलअप निघत नाहीत त्यानं व्हेस्टच्या वाटेला जाऊ नये.

पायांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. मांड्या आणि नितंबांचे स्नायू मुळातच इतके दांडगे असतात की ७० किलोंच्या माणसाला ७ किलोंनी दोन पायांच्या बैठकांत फार काही कळत नाही. पायांची ताकदच हवी असेल तर बारबेल किंवा डंबेल जास्त उपयोगाचे. व्हेस्टचा फायदा घ्यायचा असेल तर एका पायाचे व्यायाम निवडा: पायरीवर एका पायानं चढणं, मागे पाय टाकून लंज (म्हणजे एक पाय मागे टाकून दोन्ही गुडघे वाकवत खाली जाणं), एक पाय बाकावर मागे ठेवून बैठक. सगळा भार एका पायावर आल्यानं तेच सात किलो दुप्पट वाटतात. तोलाचीही परीक्षा होते, म्हणून सुरुवातीला हाताच्या अंतरावर भिंत असू द्या.

खेळाडूंच्या जगात व्हेस्टचा वापर जुना आहे. इटालियन शरीरशास्त्रज्ञ कार्मेलो बॉस्को यांनी १९८० च्या दशकात उडी आणि वेगाच्या खेळाडूंना तीन आठवडे जवळपास दिवसभर आणि सरावातही शरीराच्या १३ टक्के वजनाचं व्हेस्ट घालायला लावलं, आणि त्यांच्या उड्यांची कामगिरी सुधारली. २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात ११ कसलेल्या धावपटूंनी वॉर्मअपमध्ये २० टक्के वजनाचं व्हेस्ट घालून १० सेकंदांच्या काही छोट्या धावा घेतल्या आणि नंतर व्हेस्ट काढून ते आधीपेक्षा सरस पळाले. हे सगळे वर्षानुवर्षं तयारी असलेले लोक होते. त्यांचे आकडे नवख्यानं उचलू नयेत.

पळायचं का?

बहुतेकांसाठी नाही. ६ किलोंचं व्हेस्ट घालून पळताना जमिनीवर पडणाऱ्या प्रत्येक पावलाला, अडीच पट धरली तर, १५ किलोंचा जादा मार बसतो. मिनिटाला १६० पावलं धरा. २० मिनिटांत ३,२०० वेळा. स्नायू हे काही आठवड्यांत सोसायला शिकतात. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, आणि हाडं मात्र महिने घेतात. दम टिकलाय, पाय दुखत नाहीत, म्हणून माणूस रेटत राहतो आणि नडगी किंवा टाचेमागची कंडरा एके दिवशी बोलायला लागते. जड ओझं वाहणाऱ्या सैनिकांत नडगीच्या आणि पावलाच्या हाडांना बारीक चिरा पडण्याचं प्रमाण मोठं असतं, तेही याच कारणानं.

क्रॉसफिट या जोरकस, मिश्र व्यायामपद्धतीतला 'मर्फ' हा प्रकार बघून अनेकांना सुरसुरी येते. अफगाणिस्तानात २००५ साली मारले गेलेले अमेरिकी नौदल अधिकारी मायकेल मर्फी यांच्या स्मरणार्थ तो केला जातो: एक मैल धाव, १०० पुलअप, २०० पुशअप, ३०० बैठका, पुन्हा एक मैल धाव, आणि पुरुषांना २० पौंडांचं म्हणजे सुमारे ९ किलोंचं व्हेस्ट. पूर्वतयारीशिवाय हे करणाऱ्यांचे स्नायू इतके फाटू शकतात की त्यांतली प्रथिनं रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर पाणी पीत वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

किती वजनापासून सुरुवात आणि कसं वाढवायचं

शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करा. ७० किलोंच्या माणसाला साडेतीन किलो, ५५ किलोंच्या माणसाला पावणेतीन. वय साठच्या पुढे असेल किंवा व्यायाम बराच काळ बंद असेल तर आणखी कमी, एक-दोन किलो. आधी महिनाभर व्हेस्टशिवाय आठवड्यातून चार दिवस अर्धा तास चालण्याची सवय झालेली असावी. ती नसेल तर व्हेस्टची अजून गरजच नाही.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, १० ते १५ मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन तेच, वेळ २०-२५ मिनिटं. पाचव्या आठवड्यात अर्धा तास सहज निघाला तर अर्धा ते एक किलो वाढवा आणि वेळ पुन्हा २० मिनिटांवर आणा. पुढे दर दोन आठवड्यांनी असंच. वेळ आणि वजन एकाच आठवड्यात वाढवायचं नाही, हा नियम मोडला की दुखणं मागे लागतंच. आणि काय दुखतंय त्याचं कारण वेळ की वजन, हेही मग कळत नाही. या वेगानं १० टक्क्यांवर पोचायला साडेतीन-चार महिने लागतात आणि लागू द्यावेत.

चालण्यासाठी बहुतेकांनी १० टक्क्यांवर थांबावं. तिथून पुढे मिळणाऱ्या कॅलरी क्षुल्लक, सांध्यांवरचा भार मात्र खरा. ताकदीच्या छोट्या संचांसाठी अनुभवी माणूस १५, फार तर २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, कारण तिथे पावलं हजारांत नसतात.

व्हेस्टवर छापलेल्या वजनावर विसंबू नका. रिकाम्या कापडाचं आणि बकलांचंही वजन असतं, आणि कप्प्यांतल्या पिशव्या सगळ्या सारख्या भरलेल्या असतातच असं नाही. वजनकाट्यावर एकदा नुसते उभे राहा, एकदा व्हेस्ट घालून. फरक वहीत लिहून ठेवा.

व्हेस्ट घेताना आणि घालताना

वजन कमीजास्त करता येणारं व्हेस्ट घ्या. एकाच ठरावीक वजनाचं व्हेस्ट स्वस्त वाटतं, पण सुरुवातीला ते जड होतं आणि सहा महिन्यांनी हलकं. पिशव्या किंवा पट्ट्या अर्ध्या किलोच्या असतील तर उत्तम, एक किलोच्या चालतील, दोन किलोच्या असतील तर वाढवताना उडी फार मोठी पडते.

लांबी बघा. छातीपासून बरगड्यांपर्यंत येणारं आखूड व्हेस्ट वाकताना आणि बैठका घेताना अडत नाही. कंबरेखाली येणारं लांब व्हेस्ट चालायला ठीक, पण लंज करताना मांडीवर आपटतं. खांद्यावरचे पट्टे किमान चार बोटं रुंद आणि आतून जाड हवेत. अरुंद पट्टा मानेच्या मुळाशी रुततो आणि हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब आणतो. बोटांना मुंग्या आल्या तर व्हेस्ट लगेच काढायचं. 'थोड्या वेळानं जाईल' म्हणत चालत राहायचं नाही. छाती मोठी असलेल्या स्त्रियांना समोरून सपाट पट्टी असलेली व्हेस्ट टोचतात. त्यांना इंग्रजी 'यू' अक्षरासारखी, समोरून उघडी आणि छातीच्या खालून बांधायची रचना सोयीची पडते.

वजन भरताना पुढे आणि मागे सारखं, डावीकडे आणि उजवीकडे सारखं. पिशव्यांची संख्या विषम असेल तर उरलेली एक पाठीमागे मध्यभागी. वजन वरच्या कप्प्यांत, छातीच्या उंचीवर ठेवा. पोटाकडच्या कप्प्यांत ठेवलं तर ते कंबरेला पुढे ओढतं.

घालताना आधी खांद्यांचे पट्टे, मग बाजूचे. बाजूचे पट्टे आवळण्यापूर्वी छाती भरून श्वास घ्या आणि तो धरून पट्टा लावा. श्वास सोडून आवळलात तर चढावर बरगड्या फुलायला जागा उरत नाही आणि दम वजनामुळे न लागता पट्ट्यामुळे लागतो. मग जागच्या जागी पाच हलक्या उड्या मारून बघा. व्हेस्ट खांद्यावरून उचलून पुन्हा आपटत असेल तर सैल आहे. हे आपटणं मानेला फार त्रास देतं. आत कॉलरचा किंवा खांदे झाकणारा, घाम लवकर सुकणारा शर्ट घाला, नाहीतर बगलेजवळ आणि मानेवर कातडी सोलवटते.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. छाती-पाठ झाकली गेल्यानं घाम सुकत नाही आणि शरीर थंड व्हायचा मोठा पृष्ठभाग बंद होतो. कडक उन्हात किंवा दमट हवेत व्हेस्ट घालून जायचं तर वेळ निम्मा करा. डोकं गरगरलं, मळमळलं तर सावलीत जाऊन सगळ्यात आधी व्हेस्ट उतरवा.

चालताना काय बिघडतं

व्हेस्ट घातल्यावर शरीर नकळत पुढे झुकतं आणि हनुवटी बाहेर येते. दहा मिनिटांनी मान दुखायला लागते आणि माणूस दोष व्हेस्टला देतो. नजर वीस पावलं पुढे ठेवा, हनुवटी थोडी आत, खांदे कानांपासून लांब. पावलं नेहमीपेक्षा किंचित छोटी. लांब ढांग टाकली की टाच जोरात आपटते आणि तो धक्का गुडघ्यात जातो.

उतारावर सर्वांत जास्त सांभाळायचं. चढताना दमानं तुम्ही आपोआप थांबता, उतरताना दम लागत नाही म्हणून भान राहत नाही. उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाब वाढतो. डोंगरावर व्हेस्ट घालून चढणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे: वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या वापरायच्या आणि वर पोचल्यावर पाणी ओतून उतरायचं. त्यासाठी मात्र व्हेस्टऐवजी पाठपिशवी लागते. पाठपिशवीचं वजन फक्त मागे असल्यानं माणूस जास्त झुकतो, पण कंबरपट्टा असेल तर बराच भार खांद्यांवरून कंबरेच्या हाडांवर जातो. ही सोय व्हेस्टमध्ये नसते. घोट्याला बांधायची वजनं हा याला पर्याय नव्हे. ती पाऊल झुलण्याची लय बदलतात आणि गुडघा-खुब्याला खेचतात.

व्यायामानंतर दोन दिवस पोटऱ्या किंवा खांदे जड वाटणं नेहमीचं. सांध्याच्या आत दुखणं, एकाच बोटभर जागेवर हाड दाबल्यावर दुखणं, रात्री दुखणं, कंबरेतून पायात कळ जाणं, ही थांबायची चिन्हं आहेत. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला तर तो व्यायामाचा थकवा समजू नये.

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये

गुडघ्यांची झीज झालेल्यांवरच्या २००५ मधल्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलोनं कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. व्हेस्ट नेमकं याच्या उलट्या दिशेनं जातं, हे ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी ध्यानात घ्यावं. मणक्याची गादी सरकलेली, मानेचा त्रास, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा, हर्निया, तोल जाण्याची तक्रार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी निसटणं: या सगळ्यांत आधी सल्ला, मग व्हेस्ट.

हाडं ठिसूळ झालेल्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यांनाच व्हेस्ट सुचवलं जातं. घनता थोडी कमी असणं वेगळं आणि मणका आधीच दबलेला असणं वेगळं. दबलेल्या मणक्यावर वरून वजन टाकणं धोक्याचं असतं. आणि अशी इजा कधीकधी दुखल्याशिवायही झालेली असते, फक्त उंची दोन-तीन सेंटिमीटरनी कमी झालेली दिसते. उंची घटली असेल किंवा पाठीला पोक आला असेल तर तपासणी झाल्याशिवाय व्हेस्ट नको.

देखभाल आणि खंड

घाम हा खारट असतो आणि लोखंडाला तो चालत नाही. वापरानंतर व्हेस्ट खुंटीला उलटं करून वाऱ्यावर टाका, पिशवीत कोंबून ठेवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळी वजनं काढून कापड साध्या साबणानं हातानं धुवा आणि सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय वजनं परत भरायची नाहीत. धुताना पिशव्यांच्या शिवणी चाचपून बघा. लोखंडी वाळू एका बारीक छिद्रातूनही गळत राहते आणि महिन्याभरात एक बाजू हलकी होते. वेल्क्रोमध्ये केस-धागे अडकले की पकड जाते, जुन्या टूथब्रशनं ते साफ करता येतं.

आजारपण, प्रवास, पाऊस, काहीही कारणानं दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर शेवटच्या वजनाच्या निम्म्यावर परत या आणि तिथून आठवड्याला एक पिशवी याप्रमाणे भरत जा. महिन्याहून मोठा खंड असेल तर पहिला आठवडा नुसतं चालायचं, व्हेस्ट खुंटीलाच राहू दे.